अब्बा-अम्मींचे दात आणि त्यांचे ताट

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हिंजवडीच्या आयटी पार्कभोवती राहायला आलेल्या आपल्या अनेक घरांत ती आज अक्षरशः खरी ठरली आहे. ज्या अब्बांनी बीड, लातूर, जळगाव किंवा रत्नागिरीकडच्या गावात तुटपुंज्या कमाईत मुलांना शिकवले, त्यांच्या मुलाच्या घरी आज बदाम, अक्रोड, अंजीर, खजूर यांचे डबे भरलेले असतात. आठवड्यातून दोनदा गोश्त शिजते, फळांची टोपली रिकामी राहत नाही. आणि अब्बांच्या तोंडात मोजून सात दात उरलेले असतात, त्यातलेही दोन हलत असतात.

मुलगा फेज दोन किंवा तीनमधल्या कंपनीत, सूनही नोकरीला, नातवंडे शाळेत. दुपारी घरात म्हातारी माणसेच. ती काय खातात हे कोणी पाहत नाही. सकाळी चहा-पाव, अकराला चहा-बिस्किट, दुपारी थोडा दही-भात, चारला चहात बुडवलेली खारी. रात्री सगळे एकत्र जेवायला बसतात तेव्हा अब्बा दोन घास रश्श्यात कालवून खातात आणि म्हणतात, “बस बेटा, भूक नाही.” आपण ‘वय झाले’ म्हणून ते मान्य करतो. गावठाणात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या रिक्षा किंवा कॅब चालवणाऱ्या भावांच्या घरीही चित्र वेगळे नसते. बदामांचा डबा तेवढा तिथे नसतो.

पुष्कळदा भूक गेलेली नसतेच, चावता येत नसते. आणि ते सांगायची अम्मी-अब्बांना लाज वाटते, किंवा मुलाचा खर्च वाढेल याची भीती वाटते. “आता किती दिवस राहिलेत, कशाला दातांवर पैसे घालवायचे?” हे वाक्य आपण सर्वांनी आपल्या घरात कधी ना कधी ऐकले आहे. या लेखात आपण तोंड आणि ताट यांचे नाते समजून घेऊ, कारण एक बिघडले की दुसरे बिघडते, आणि दोन्ही घरच्या घरी बऱ्याच प्रमाणात सावरता येतात.

चावणे थांबले की काय थांबते?

माणसाला अक्कलदाढा धरून ३२ दात असतात. सगळे शेवटपर्यंत टिकलेच पाहिजेत असे नाही. जपानमध्ये १९८९ साली ‘८०२०’ नावाची मोहीम सुरू झाली. ऐंशीव्या वर्षीही स्वतःचे किमान २० दात तोंडात असावेत, असे तिचे साधे उद्दिष्ट होते. एकमेकांवर नीट बसणारे साधारण वीस दात असले की बहुतेक सर्व अन्न चावता येते, हा त्यामागचा विचार.

दात त्याहून कमी झाले, विशेषतः दाढा गेल्या, की माणूस न बोलता एकेक पदार्थ सोडू लागतो. पहिल्यांदा सुटतात कच्चे पदार्थ : काकडी, गाजर, मुळा, पेरू, सफरचंद. मग सुटतात दाणे, चणे, बदाम. मग भाकरी आणि गोश्त. उरते ते मऊ, पांढरे आणि गोड : पाव, बिस्किट, भात, साबुदाणा, शिरा, चहा. पोट भरते, पण प्रथिने, लोह, जीवनसत्त्वे आणि चोथा यांची आवक आटते.

हिशेब करून पाहू. वयस्कर माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण एक ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे आज बहुतेक आहारतज्ज्ञ सांगतात. म्हणजे ५५ किलोच्या अम्मींना ५५ ग्रॅम. वर सांगितलेल्या चहा-पाव-बिस्किट-दहीभाताच्या दिवसातून ढोबळमानाने त्याच्या जेमतेम निम्मी मिळतात. उरलेली तूट शरीर स्वतःच्या स्नायूंतून भरून काढते. म्हणून मांड्या आणि दंड बारीक होतात, खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागतो, बाथरूममध्ये तोल जातो. चोथा कमी झाल्याने बद्धकोष्ठ होते. मग पोट जड वाटते म्हणून जेवण आणखी कमी होते.

कमी खाण्याची खूण तोंडावर उमटते

हे चक्र उलटेही फिरते. तोंडातली त्वचा आणि हिरड्या सतत नव्याने घडत असतात, त्यामुळे अन्नातली उणीव तिथे लवकर दिसते. जीभ लाल, गुळगुळीत होऊन तिखट लागले की आग होणे, ओठांचे कोपरे चिरणे, वारंवार तोंड येणे, यामागे लोह किंवा बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून डॉक्टरांना विचारून त्याची रक्ततपासणी करून घ्यावी. फळे आणि भाज्या बराच काळ सुटल्या तर क जीवनसत्त्व घटते, हिरड्या सुजतात, त्यातून रक्त येते, जखम भरायला वेळ लागतो.

मधुमेह आणि हिरड्यांचा आजार यांचे तर दुहेरी नाते आहे. साखर आटोक्यात नसली की हिरड्यांचा संसर्ग बळावतो, आणि हिरड्यांत जुना संसर्ग असला की साखर आटोक्यात आणणे अवघड जाते. घरात अब्बांची साखर गोळ्या घेऊनही उतरत नसेल, तर त्यांच्या हिरड्या कोणी पाहिल्या आहेत का, हा प्रश्न विचारायला हवा.

दातांचे दुखणे हे काही आपल्याच घरचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणे जगात जवळपास ३५० कोटी लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता आजार आहे.

मऊ म्हणजे निकस नव्हे

दातांचा उपचार होईल तेव्हा होईल, पण ताट आजच बदलता येते. आणि इथे आपल्या स्वयंपाकघराचे भाग्य मोठे आहे. दात नसलेल्या माणसाला पोसणारे पदार्थ आपल्या परंपरेत आधीच आहेत.

हलीम घ्या. गहू, डाळी आणि गोश्त तासन्‌तास शिजवून घोटलेले. त्यात चावायचे काही उरत नाही आणि कमीही काही पडत नाही. खिचडा तसाच. रमजानमध्येच हे पदार्थ का करायचे? सुट्टीच्या दिवशी प्रेशर कुकरमध्ये कमी तेलाचे हलीम करून छोट्या डब्यांत फ्रीजरला ठेवले, तर आठवड्यातले तीन-चार दुपारचे जेवण सुटते. मराठवाड्यातला दालचा, म्हणजे डाळीत मऊ शिजलेला दुधी आणि गोश्त, हाही उत्तम. त्यातले गोश्त काढून बारीक कुसकरून परत डाळीत घालावे. शामी कबाब नरम ठेवून, जास्त कुरकुरीत न तळता द्यावेत. कोकणातल्या घरांनी ताज्या बोंबलाची आठवण ठेवावी. इतकी मऊ मासळी दुसरी नाही.

ईद-उल-अजहाच्या गोश्ताचा थोडा भाग दोनदा दळून खिमा करून ठेवावा. सगळे घर बोटी खात असताना म्हाताऱ्या माणसाने नुसत्या रश्श्यावर राहावे, हे बरे नाही. पायाच्या शोरब्याबद्दल एक गोष्ट मात्र लक्षात ठेवू. तो गरम, चविष्ट आणि गिळायला सोपा असतो, पण त्यातली प्रथिने अपुऱ्या दर्जाची असतात. शोरब्यावर जेवण भागवू नये. सोबत अंडे, डाळ किंवा खिमा हवा.

ज्यांच्या घरी रोज गोश्त परवडत नाही, त्यांच्यासाठी अंडे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सोपे. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. दाणे चावता येत नाहीत तर दाण्याचे कूट भाजीत, दह्यात, खिचडीत घाला. बदाम रात्री भिजवून, सोलून, दुधात वाटा. खजूर बी काढून कोमट दुधात कुसकरा, मात्र मधुमेह असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. भाकरी सोडायची गरज नाही. गरम डाळीत किंवा रश्श्यात चुरून दहा मिनिटे झाकून ठेवली की ती मऊ होते. भाताऐवजी मुगाची पातळ खिचडी द्या, आणि साबुदाण्याऐवजी दलिया.

भाज्या आणि फळांचेही तसेच. गाजर, बीट किसून वाफवा. पालक, चाकवत डाळीत घोटा. पपई, केळे, चिकू, पिकलेला आंबा मऊच असतात. पेरूचा गर चमच्याने खरवडून, बिया गाळून देता येतो. त्यात क जीवनसत्त्व भरपूर असते. जेवताना डाळीवर लिंबू पिळण्याची सवय ठेवली तरी फरक पडतो.

५५ ग्रॅमचे गणित असे जमते : सकाळी दोन अंड्यांची मऊ भुर्जी (१२), दुपारी वाटीभर हलीम किंवा खिमा (सुमारे १५), एक वाटी घट्ट डाळ (६), एक पेला दूध (६), एक वाटी दही (४) आणि दिवसभरातल्या भाकरी-भात-दलियातून उरलेली बारा. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी प्रथिने वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

आणखी एक सांगणे. सगळे एकत्र मिक्सरमधून काढून राखाडी लापशी पुढे ठेवू नका. डाळ वेगळी, खिमा वेगळा, भाजी वेगळी, प्रत्येकाचा रंग आणि वास वेगळा राहू द्या. मऊ जेवण हेही जेवणच असते आणि ते दस्तरखानावर सर्वांसोबतच मांडले जावे.

चहा, बिस्किट आणि कोरडे तोंड

वय वाढले की हिरड्या खाली सरकतात आणि दातांची मुळे उघडी पडतात. मुळांवर वरच्या भागासारखे टणक कवच नसते, त्यामुळे तिथे कीड लवकर लागते. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि प्रत्येक गोड घोटानंतर साधारण अर्धा तास दातांवर त्याचा मारा चालतो. दिवसातून सहा वेळा गोड चहा-बिस्किट म्हणजे सहा मारे. त्याच दोन चमचे साखरेचा चहा जेवणासोबत घेतला तर नुकसान कमी होते. चहा बंद करा असे आम्ही म्हणत नाही. दोन वेळांवर आणावा, मधल्या वेळी बिस्किटाऐवजी ताक, उकडलेले अंडे किंवा केळे द्यावे, आणि चहानंतर पाण्याने चूळ भरावी.

या वयात तोंड कोरडे पडणे हीही मोठी अडचण असते. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी यांवरच्या अनेक औषधांनी लाळ कमी होते. लाळ ही दातांची पहिली ढाल आहे. ती आटली की कीड वाढते, घास घशाखाली उतरत नाही, कवळी टोचते. स्वतःहून औषध बंद करू नये, पण डॉक्टरांना सांगावे. कधीकधी गोळी किंवा तिची वेळ बदलता येते. पाण्याची बाटली हाताशी असावी. ओलसरपणासाठी गोड गोळ्या चघळणे टाळावे.

मिसरी, तंबाखू, सुपारी

गावाकडून आलेल्या आपल्या अनेक अम्मी आणि नानी सकाळी मिसरी लावतात. भाजून कुटलेली तंबाखूच ती. ‘दात घासायला लावते’ म्हटले तरी शरीरात जातो तो तंबाखूच. तिने हिरड्या बधिर होतात, म्हणून दुखणे थांबल्यासारखे वाटते आणि खालचा आजार वाढत राहतो. भूकही मरते. सुपारीने तोंडाच्या आतली त्वचा ताठर होते आणि हळूहळू तोंड उघडणेच कमी होते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पानाची चंची आणि मिसरीची डबी घरातच असते.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. ती दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि तेव्हाच पकडला तर बरा होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

मिसवाक, ब्रश आणि वुजू

तोंड स्वच्छ ठेवणे हा आपल्याकडे सुन्नतचा भाग आहे, ही या बाबतीत मोठी सोय आहे. पीलूच्या झाडाची मिसवाक टोकाला चावून ब्रशासारखी मऊ करावी लागते. ज्यांना चावता येत नाही, त्यांना घरातल्या कोणीतरी टोक सोलून, पाण्यात भिजवून, कुटून मऊ करून द्यावे आणि वापरलेले टोक दर एक-दोन दिवसांनी कापावे. मिसवाक हिरड्यांवर आडवी रगडू नये. सोबत रात्री झोपण्यापूर्वी मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट जरूर वापरावी. उघड्या पडलेल्या मुळांना फ्लोराइडचे संरक्षण लागते. हात थरथरत असतील तर ब्रशाच्या दांड्यावर कापड गुंडाळून ती जाड करावी.

वुजूतली चूळ घाईत उरकू नये. दिवसातून पाच वेळा तोंडात पाणी नीट खळखळवले, तर अडकलेले कण निघतात आणि कोरडे तोंड ओले होते. रमजानमध्ये सहरीनंतर आणि इफ्तार-जेवणानंतर ब्रश चुकवू नये, आणि इफ्तार ते सहरी या वेळात पाणी थोडे थोडे पीत राहावे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे तोंड तर रोज साफ केलेच पाहिजे, दात एकही नसला तरी. तोंडातले जंतू श्वासावाटे फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. बोटाला ओला स्वच्छ कपडा गुंडाळून हिरड्या, जीभ आणि गाल हलके पुसावेत. माणसाला थोडे बसते करूनच हे करावे.

कवळी : आली म्हणजे झाले, असे नाही

पूर्ण कवळीने चावण्याचे बळ नैसर्गिक दातांच्या साधारण पाव भागाइतकेच येते. म्हणून कवळी बसल्या दिवशी मटण पुढे ठेवले की निराशा होते आणि कवळी कपाटात जाते. पहिले काही दिवस मऊ पदार्थ, लहान घास, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चावण्याचा सराव, असे सावकाश जावे. टोचत असेल तर घरी कानशीने घासू नये. डॉक्टरकडे परत जाऊन ती नीट करून घेणे हा उपचाराचाच भाग आहे. रात्री कवळी काढून, मऊ ब्रशने धुऊन, पाण्यात ठेवावी. तोंडात ठेवून झोपल्याने टाळूला बुरशीचा संसर्ग होतो. गरम पाणी वापरू नये, तिचा आकार बिघडतो. जबड्याचे हाड कालांतराने झिजते, त्यामुळे जुनी कवळी सैल होते आणि पुन्हा बसवून घ्यावी लागते. वुजू आणि गुस्लच्या वेळी कवळी काढण्याचा मसला आपल्या आलिमांना विचारावा.

उपचार कुठे घ्यावा?

हिंजवडी आणि वाकडला खाजगी दवाखाने भरपूर आहेत, पण खर्च झेपत नसेल तर दंत महाविद्यालये हा चांगला मार्ग आहे. तिथे शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि शुल्क खाजगीपेक्षा कमी असते. पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय आहे. पुणे कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये एम. ए. रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयही जवळ पडते. कवळीसाठी पाच-सहा खेपा लागतात, हे धरून चालावे आणि निघण्यापूर्वी बाह्यरुग्ण विभागाची वेळ फोनवर विचारावी. हिंजवडीच्या रस्त्यांवर दोन तास घालवून अब्बांना परत आणण्याची वेळ येऊ नये.

केंद्र सरकारच्या २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत ६० वर्षांवरील गरजू ज्येष्ठांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र यांसोबत कवळीही मोफत देण्याची तरतूद आहे. ती दारिद्र्यरेषेखालील किंवा दरमहा १५ हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी आहे. वाटप शिबिरांतून होते, म्हणून ज्या जिल्ह्याची कागदपत्रे आहेत तिथल्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. कंपनीच्या आरोग्य विम्यात आई-वडिलांचे नाव असले तरी कवळी आणि साधे दंतोपचार बहुधा त्यात नसतात, पॉलिसी वाचून घ्यावी.

दातांच्या डॉक्टरकडे जाताना सर्व औषधांची चिठ्ठी सोबत न्या. रक्त पातळ करणाऱ्या आणि हाडांच्या ठिसूळपणावरच्या औषधांची माहिती दात काढण्याआधी देणे फार गरजेचे आहे. ती औषधे स्वतःच्या मनाने थांबवू नका.

या रविवारी एवढे करा

अब्बा-अम्मींसोबत एक पूर्ण जेवण शेजारी बसून घ्या. ते काय ताटात सोडतात, कोणत्या बाजूने चावतात, घास किती वेळ तोंडात घोळवतात, ते पाहा. “दात दुखतात का?” असे विचारले तर उत्तर ‘नाही’ येईल. त्याऐवजी विचारा, “अम्मी, पूर्वी तुम्हाला आवडायचे आणि आता खाता येत नाही असे काय काय आहे?” मग यादी आपोआप बाहेर येईल. वजन करून भिंतीवर तारखेसह लिहून ठेवा. प्रयत्न न करता सहा महिन्यांत ते पाच टक्क्यांहून अधिक घटले, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे तीन किलोहून जास्त, तर डॉक्टरांना दाखवायचेच.

ज्यांनी आपल्या तोंडातला घास काढून आपल्याला भरवला, त्यांचा घास मऊ करून देणे हे काही उपकार नव्हेत. ते त्यांचे हक्काचे आहे. यादीतला पहिला पदार्थ कसा मऊ करता येईल, ते याच आठवड्यात ठरवा आणि दातांच्या डॉक्टरांची वेळही घेऊन टाका.